फाटकापर्यंत

मुलीने पुन्हा तेच लावलं होतं: कुणी नावही न ऐकलेल्या चार पोरांच्या बँडचं रीमिक्स. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. बाप तरातरा तिच्या खोलीत आला.

"आजोबांनी चाळीस वर्षं गाणं शिकवलं या घरात, आणि तू हा धांगडधिंगा लावतेस? चार महिने खुर्चीत आहेत ते. कंपवाताने पाय जागचा हलत नाही. निदान शांतपणे बसू दे त्यांना. असलं ऐकतं तरी कोण?"

"या घरात दोघं ऐकतात. मी बंद करणार नाही, बाबा."

"उलट बोलतेस?"

"हो."

त्याने स्पीकरची वायर उपटली. घर एकदम गप्प झालं.

"कुणी बंद केलं रे?"

बापाने वळून पाहिलं. आजोबा पॅसेजच्या मधोमध, भिंतीला हात टेकून, एक पाय पुढे टाकलेल्या अवस्थेत अडकून उभे होते. खुर्ची पार मागे राहिली होती.

"सुराच्या नावाने बोंब आहे, पण ठेका असा पक्का की पाय आपसूक उचलतो. लाव परत. आज मला फाटकापर्यंत जायचंय."