सरावाचा पेशंट

"डोळे मिटा, आई. आले ते," सून पुटपुटली. सासूच्या तोंडावर तिनं प्लॅस्टिकचा मास्क चढवला, चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि काचेच्या दाराबाहेर येऊन बाकीच्या मुलींच्या रांगेत उभी राहिली.

जिन्यावर बुटांचे आवाज आले. तपासणीवाले साहेब वर येत होते. आजारी माणसांची घरी जाऊन सेवा करणाऱ्या बाया इथं तयार व्हायच्या. सरकारनं केंद्राच्या सुधारणेला चांगले घसघशीत पैसे दिले होते, आणि त्यातून सरावासाठी एक पेशंट घ्यायचा होता. रबराचा, माणसाच्या मापाचा, ज्याची कूस बदलता येईल असा. पलंग आला. हवेची गादी आली. एसी आला, दारावर संगमरवरी पाटी आली. पेशंट तेवढा आला नाही. तो कुणाच्या घशात गेला ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण विचारायचं कुणी? मुली आपल्या दोन उशा सुतळीनं बांधून त्यांचीच पाठ पुसायच्या.

संचालकांना मुली पाठीमागे 'होऊन जाईल' म्हणायच्या. काहीही विचारा, त्यांचं उत्तर तेवढंच. तपासणीची तारीख कळली तेव्हा मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी सुनेला केबिनमध्ये बोलावलं. तिची सासू अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यासाठीच तर ती अर्ध्या दिवसाची रजा मागायची, आणि ते द्यायचे नाहीत.

"तासाभराचं काम आहे. गाडी मी पाठवतो," ते म्हणाले. "तुझी हजेरी कमी भरतेय, ते मी बघितलंच नाही असं समज. नाहीतर सर्टिफिकेटचं अवघड आहे बाई."

सर्टिफिकेट नाही तर नोकरी नाही. नवरा परगावी, त्याचे पैसे आले तर आले. पण हे सासूला सांगायचं कोणत्या तोंडानं? एके काळी स्वतःचं शिवणाचं दुकान चालवलेली बाई ती. हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाचं कापड त्याच्याच अंगावर फेकायची. गल्लीत तिच्या नादी कुणी लागत नसे. सुनेनं मान खाली घालून कसंबसं सांगून टाकलं. सासूच्या वाकड्या झालेल्या ओठांतून एकच शब्द आला, "ने."

साहेब काचेपाशी थांबले.

"आत जायचं तर बूट काढावे लागतील, साहेब. निर्जंतुक खोली आहे," 'होऊन जाईल' म्हणाले.

साहेबांनी एकदा आपल्या बुटांच्या नाड्यांकडे पाहिलं, एकदा आपल्या पोटाकडे. वाकायचा बेत त्यांनी रद्द केला आणि काचेला नाक लावलं.

"श्वास घेतोय की हा."

"श्वास घेणारं मॉडेल आहे, साहेब. म्हणून तर महाग पडलं."

"वा. मग दाखवा जरा काय शिकवता ते." साहेब खुर्चीवर टेकले. चहा आला.

सून आत गेली. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, धसका न देता कूस बदलायची. शिकवलं होतं तसंच तिनं केलं. गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवली. कोमट पाण्यानं पाठ पुसली, कोरडी केली, हलक्या हातानं तेल चोळलं. घरी हे सगळं पहाटे घाईघाईत उरकायचं, नाहीतर राहूनच जायचं. मग दिवसभर दाराला कडी. दुपारी शेजारीण येऊन घोटभर पाणी पाजायची, तेवढंच. पाठीवरची जखम आता चांगलीच पसरली होती. ती साहेबांना दिसू नये म्हणून सुनेनं तिच्यावर टॉवेल धरला. सासूच्या धड हातानं सुनेचं मनगट घट्ट पकडलं होतं. मिटल्या डोळ्याच्या कडेतून पाणी आलं आणि उशीत जिरलं. सुनेला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण पोटात जावं.

"डोळ्यातून पाणीसुद्धा येतं?" साहेबांनी बाहेरून विचारलं.

"सगळं येतं, साहेब."

साहेब खूश झाले. कप खाली ठेवत म्हणाले, "अनुदानाच्या पुढच्या हप्त्यात असे आणखी चार घ्या."

साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली तसं 'होऊन जाईल' यांनी कपाळ पुसलं आणि ते मुलींकडे वळले. "आणखी कुणाच्या घरी अंथरुणावर आहे का कुणी?"

परतताना गाडी मिळाली नाही. रिक्षात सासूचं डोकं सुनेच्या खांद्यावर होतं. सुनेला राहवेना. "आई, मला माफ करा. माणसाची बाहुली केली मी तुमची. पुन्हा असं कधी नाही व्हायचं." सासू बाहेर बघत राहिली.

घरी तिनं सासूला जमिनीवरच्या अंथरुणावर निजवलं. दुपारचा वर्ग चुकवून चालणार नव्हतं. हाताशी पाण्याचा पेला ठेवला, चपला घातल्या. ती कडीला हात घालणार एवढ्यात पाठीमागून हाक आली.

"अगं," सासू एकेक शब्द जुळवत म्हणाली, "पुढची तपासणी... कधी आहे?"