पंपाची विश्रांती

हिरवं बटण दाबलं, तरी पंपाने हूं की चूं केलं नाही. भय्यासाहेबांनी पुन्हा दाबलं. मग नातवाला थोपटावं तसं पंपाला थोपटलं.

"मोटर जाम आहे," ते म्हणाले. अख्खी नोकरी तोफांच्या फॅक्टरीत गेली होती त्यांची. त्यांचं निदान चुकलं तरी आवाजातली खात्री कधी चुकत नसे.

पंपघराच्या भिंतीपलीकडे सोसायटीच्या स्विमिंग पूलचं पाणी हिरवंगार पडलं होतं. तळ दिसत नव्हता. आज दसरा. संध्याकाळी सोनं वाटायला सगळे या पाण्याभोवती जमणार होते, आणि सेक्रेटरी भय्यासाहेबच होते.

"फ्यूज पाहिला का?" पहिल्या मजल्यावरच्या सुशांतने विचारलं.

फ्यूजच्या पेटीवर झेंडूचा हार होता. काल खंडेनवमी झाली. शस्त्रांची, औजारांची पूजा. सोसायटीत शस्त्रं नव्हती, म्हणून हेमलताकाकूंनी पंपाची, लिफ्टची आणि गेटवरच्या कॅमेऱ्याची पूजा केली होती. पूजा उठेपर्यंत यंत्राला विश्रांती. लोक कालपासून जिने चढत होते आणि कुणाची तक्रार नव्हती, कारण काकू सेक्रेटरींच्या पत्नी होत्या.

"पेटीवर हार आहे. उघडता येत नाही," भय्यासाहेब म्हणाले. "बटणावर हार नाही, म्हणून दाबून राहिलो. तू असं कर, तळाची जाळी बघ. पाला अडकला असेल."

सोसायटीत पोहता येणारा सुशांत एकटाच. तो कपडे काढू लागला. त्याची बायको नंदा टॉवेल घेऊन काठावर उभी राहिली.

"काहून उतरून राहिला तू? इलेक्ट्रिशियन बोलाव ना."

"दशहरे के दिन कौन आएगा?"

त्याने बुडी मारली. वर आला तेव्हा केसांत शेवाळ होतं.

"जाळी काढली. आतला पाइप पाल्याने गच्च आहे, खांद्यापर्यंत हात घालावा लागेल." मग तो पंपघराकडे तोंड करून ओरडला, "भय्यासाहेब, मी वर येईपर्यंत बटण दाबू नका हं! हाथ खींच लेगा वो!"

"अरे, चालतच नाही तो!" भिंतीमागून उत्तर आलं, आणि पाठोपाठ बटणाचा खट्‌ आवाज. "बघ, दाबलं. काही झालं का?"

"मी खाली असताना झालं असतं तर सांगायला राहिलो असतो का?"

"अच्छा, चलो. नाही दाबत."

सुशांतने छातीभर श्वास घेतला आणि खाली गेला. पाणी त्याच्यावर मिटलं.

तेवढ्यात हेमलताकाकू तबक घेऊन पंपघरात शिरल्या. तबकात निरांजन, अक्षता आणि हळदीकुंकू लावलेला चिनीमातीचा फ्यूज होता.

"अहो, काय छळून राहिले त्या पंपाला?"

"सुरू होत नाही."

"होईल कसा? फ्यूज मी कालच काढून देवघरात ठेवला. विश्रांती म्हणजे विश्रांती. तुम्ही चोरून बटण दाबता, माहीत आहे मला."

भय्यासाहेबांनी तबकात वाकून फ्यूज पाहिला. त्याच्यावर दूर्वाही होत्या.

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलं?"

काकूंनी हार उतरवला, पेटी उघडली, नमस्कार केला आणि फ्यूज जागेवर बसवला. "चला, विजय मुहूर्त निघून जाईल. नंदा! ये गं लवकर, आरतीला सवाष्ण पाहिजे."

काठावर नंदा पाण्याकडे बघत होती. मधोमध बुडबुडे येत होते.

"काकू, हा खाली आहे अजून."

"तो काय पळून चालला? एक मिनट ये."

नंदाने टॉवेल शिडीच्या कठड्यावर टाकला आणि गेली. काकूंनी तिला ठसठशीत कुंकू लावलं, हातात तबक दिलं.

"कशाची आरती, काकू?"

"पंपाची. अहो, दाबा!"

भय्यासाहेबांनी बटण दाबलं.

पंप एकदम गरजला. काकूंनी टाळ्या वाजवल्या. पंपघराची फरशी थरथरू लागली.

भय्यासाहेब मात्र वाकून प्रेशरचा काटा बघत होते. काचेवर त्यांनी दोनदा टिचकी मारली. काटा हलला नाही.

"चालू तर झाला, पण पाणी ओढून नाही राहिला," ते म्हणाले. "खाली अजून काहीतरी अडकलंय. नंदा, सुशांतला म्हण, बघ जरा."