दोरतोडी

दहाव्या मजल्याच्या काचा दोरावर लटकून पुसताना त्याला डोक्यावरच्या गाठीपाशी टकटक ऐकू आली. दोरतोडी बसली होती. या शहरी पाखराला दोराचीच भूक; फक्त गाणं ऐकलं की खाणं सोडून मागून साथ धरायची भारी हौस. “दाजी, गात राहा,” गच्चीवरून त्याला वर ओढत मेव्हणा म्हणाला, “नाहीतर ताईला मी काय तोंड दाखवू?” तो गाऊ लागला. पण कडवं संपून श्वास घेईपर्यंत ती एक पीळ तोडायचीच. शेवटचा पीळ उरला आणि भीतीनं ऐन कडव्यात पुढची ओळच आठवेना. त्यानं डोळे मिटले. टकटक झाली नाही. दोरतोडी उघड्या चोचीनं कडवं पुरं व्हायची वाट बघत होती. गच्चीवर पोचताच मेव्हण्यानं तिला हाकलायला झाडू उचलला. “थांब,” तो धापा टाकत म्हणाला, “अर्ध्या गाण्यावरून कुणाला उठवू नये.”