क्लच हळू सोड

चढावर गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. नुकतीच गाडी शिकू लागलेल्या लेकीचा पाय क्लचवरून झटकन सुटत होता. गाडी दोनदा बंद पडली, तसा मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला.

"बाबा, मला नाही जमणार! तुम्ही बसा ना इकडे," ती रडकुंडीला आली.

एरवी बारीकशा चुकीवरून घर डोक्यावर घेणारे बाबा आज शेजारून अगदी हळू आवाजात सांगत होते, "घाबरू नकोस. क्लच हळू सोड... गाडी थरथरली की जरासा ॲक्सिलरेटर दे... शाब्बास! आता डावीकडच्या फाटकातून आत घे."

गाडी एकही गचका न देता आत जाऊन थांबली. तिचा जीव भांड्यात पडला.



"आता पळत जा आणि डॉक्टरांना बोलाव," घामाने निथळणारे बाबा म्हणाले, "मघापासून छातीत कळा येतायत."