हातसडीचा तांदूळ

आबाजीशेट समोर येऊन उभे राहिले तरी सुंदरानं मुसळ थांबवलं नाही.

"उद्यापासून गिरण सुरू होते," आबाजी म्हणाले. "ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"तुझ्या वीस बाया दिवसभर कांडतात तेवढं भात माझं इंजिन तासाभरात काढील. आणि तांदूळ कसा, मोगऱ्याच्या कळीसारखा. मग तुझ्याकडं कोण येणार?"

"ज्याला यायचं तो येल."

आबाजी हसले. भिसेगावात त्यांचा शब्द म्हणजे पंचांग. कर्जतात त्यांनी चहाचं दुकान काढलं तेव्हा लोक हसले होते. शिलाईचं यंत्र आणलं तेव्हाही. घाटातून मोटारी धावणार म्हणून पेट्रोलचे डबे आणून ठेवले, तेव्हा तर सख्ख्या भावानं वेड्यात काढलं. दर वेळी आबाजी खरे ठरले. येणाऱ्या काळाचा वास त्यांना आधी लागतो, असं सगळे म्हणत. ते स्वतःही म्हणत.

गिरण सुरू झाली. महिन्याभरात सुंदराच्या मांडवातल्या चौदा बाया कमी झाल्या. जना तर खोपोलीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेली. घरोघरची लाकडी उखळं अंगणात पालथी पडली, काही चुलीत गेली. सुंदरा दारोदार फिरून उरलेली मागून आणू लागली.

"काय करतेस गं त्यांचं?" तिची जाऊ कोंडी वैतागली. "भावजी गेले तवापासून तुजं डोकं ठिकाणावर नाय. जग कुठं चाललंय, तू कुठं!"

"जग जाऊ दे. मी हितंच हाय."

रोज दुपारी भाकरी खाऊन ती गिरणीसमोर जाऊन उभी राही. फिरणारा पट्टा बघत राही, ओठ घट्ट मिटून. लोक म्हणत, बाई इंजिनाला शाप देते आहे.

"हाकलू का तुला?" आबाजींनी एकदा विचारलं.

"रस्ता सरकारचा हाय, शेट."

त्या उन्हाळ्यात माथेरानच्या एका बंगल्यातल्या खानसाम्यानं तिचा लालसर तांदूळ मागून घेतला. त्याच्या बाईसाहेबांच्या पायांना सूज आली होती आणि डॉक्टरनं गिरणीचा पांढरा तांदूळ बंद केला होता. पंधरा दिवसांत दुसऱ्या बंगल्यातून तीच मागणी आली, मग तिसऱ्यातून. सुंदरा गावात काही बोलली नाही. खोपोलीला गेली आणि जनाला परत घेऊन आली. मग एकेक करून बाकीच्यांना.

तीन वर्षांनी तीच गोष्ट वर्तमानपत्रांत छापून आली. हातसडीचा तांदूळ खा, गावचे उद्योग जगवा. मुंबईहून खादीतली मंडळी भिसेगावला आली. "या बाईनं यंत्रापुढं मान तुकवली नाही," एकानं भाषणात सांगितलं. सुंदरा खाली बघत ऐकत होती. कर्जत स्टेशनातून तिच्या गोणी मुंबईला जाऊ लागल्या. मांडवात आता तीस उखळं होती, आणि पहाटेपासून धमधम ऐकू येई.

पुढच्या उन्हाळ्यात माथेरानचा तो खानसामा गोणीत हात घालून म्हणाला, "बाई, आता पोरं हा तांदूळ खात नाहीत. शिजायलाही फार वेळ लागतो. जरा पांढरा मिळेल का?"

"बगते," सुंदरा म्हणाली.

दिवाळीनंतर आबाजी मांडवात आले. या खेपेला ते उभे राहिले नाहीत, घोंगडीवर टेकले.

"सुंदरा, ही उखळं, हा मांडव, मुंबईची गिऱ्हाइकं, सगळं मला देतेस? मागशील ते देतो."

"आन् तुमची गिरण?"

"विकली. नेरळला दोन नव्या झाल्यात, आता त्यात राम नाही. पुढचा काळ हातसडीचा. पनवेलचा दलाल कुणासाठी तरी घ्यायला आला होता, मिळेल त्या भावात देऊन मोकळा झालो."

सुंदरानं मुसळ भिंतीला टेकवलं.

"उखळं घ्या. मांडव घ्या. गिऱ्हाइकांची नावंबी सांगते. पर बाया माज्या मालकीच्या नायत, शेट. त्यांचं त्यांना इचारा."

"त्या कुठं जाणार? दुसरं काम आहे कुठं?"

सुंदरा उखळातला तांदूळ सुपात काढू लागली.

सुंदरा हरली, असं गावभर झालं. कोंडीला तर रडूच आलं. "इतकी वर्षं त्याच्याशी नडलीस, आन् आता सगळं त्याच्याच पदरात घातलंस?"

"घातलं," सुंदरा म्हणाली आणि तिच्या ताटात भाकरी वाढली.

सोमवारी सकाळी आबाजी नवं धोतर नेसून, नारळ घेऊन मांडवात आले. उखळं धुऊन ओळीनं मांडलेली होती. कांडायला एकही बाई नव्हती. उन्हं मांडवात शिरेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. तेवढ्यात गावाच्या दुसऱ्या टोकाला इंजिन सुरू झालं.

आबाजी तरातरा गिरणीवर गेले. आत बाया भात ओतत होत्या, तांदूळ पाखडत होत्या, गोणी शिवत होत्या. दारात जना होती.

"मालक कुठं आहे?" इंजिनाच्या आवाजात आबाजी ओरडले.

जनानं आत बोट दाखवलं. तिथं पदर खोचून सुंदरा इंजिनात तेल घालत होती.