तीस वाडगे

“तीस वाडगे?” हर्वासी कुंभाराने फिरतं चाक पायानेच थांबवलं. “काय मोत्रियाबाई, खाणावळ काढताय की काय?”

“माझा मुलगा घरी यायचाय,” मोत्रिया म्हणाली. “सगळं गाव जेवायला येईल. फुलाबिलांची नक्षी नको हं, साधेच दे. आणि चिरा गेलेले माझ्या गळ्यात मारू नकोस, मी एकेक वाजवून घेणार आहे.”

“घ्या, वाजवा. तीस वर्षं माझा जीव असाच खाताय.”

तिने खरोखरच पहिला वाडगा कानाशी धरला आणि बोटाने टिचकी मारली. पाहुण्या मारिकाबाई कौतुकाने बघत राहिल्या. मोत्रियाची सून सोलोमिया मात्र तोंड फिरवून भट्टीकडे पाहू लागली.

मोत्रियाचा मुलगा मार्कियान, सोलोमियाचा नवरा, चौदा महिन्यांपूर्वी आघाडीवर बेपत्ता झाला होता. अकरा दिवसांपूर्वी सोलोमियाला ती शिकवायची त्या शाळेत फोन आला. मृतदेहाची ओळख पटली होती. येत्या मंगळवारी त्याला गावी आणणार होते. गावात हे फक्त मुख्याध्यापकांना आणि ग्रामप्रमुखांना ठाऊक होतं, आणि सोलोमियाने हात जोडून त्यांना गप्प बसवलं होतं. सासूला आपणच सांगू, हळूहळू सांगू. मोत्रियाचं हृदय दुबळं होतं. धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं.

रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगते. आणि रोज सकाळी मोत्रिया काहीतरी बोलायची. “तो यायच्या आत पुढच्या भिंतीला चुना लावून घेऊ.” नाहीतर, “त्याचा चांगला कोट उन्हात टाक गं.” सासूने अजून आशा सोडलेली नाही, असं समजून सोलोमिया निमूटपणे कोट उन्हात टाकायची.

मारिकाबाई एस्टोनियाहून दोन आठवड्यांसाठी त्याच शाळेत गणित शिकवायला आल्या होत्या. “शनिवार-रविवार बाईंना जरा फिरव,” मुख्याध्यापक म्हणाले होते. “आपल्या चालीरीती दाखव. घरात बसून तरी काय करणार आहेस?” देवानेच दोन दिवसांची मुदत वाढवून दिली, असं सोलोमियाला वाटलं. ‘मीही येते’ म्हणून मोत्रिया आपणहून गाडीत बसली, तेव्हा तिचा तोही आधार गेला.

दुपारी भरतकाम करणाऱ्या बायकांकडे जेवण झालं. मारिकाबाई मोडक्यातोडक्या युक्रेनीत सगळं विचारून वहीत उतरवत होत्या. पांढऱ्यावर पांढरंच का भरता? टाका कुठून सुरू करता?

“बाई, वहीने पोट भरत नाही,” मोत्रिया म्हणाली. “गालुश्की गार होतायत. खा, नाहीतर आमच्या वाऱ्याने उडून जाल.”

पिठाचे ते मऊ गोळे खात मारिकाबाईंनी विचारलं, “तुमचा मुलगा कसा आहे स्वभावाने?”

“सगळं शिकला, खोटं बोलायला तेवढं शिकला नाही. बोलायला गेला की कान लाल. बायकोही त्याला तश्शीच मिळाली.”

बायका हसल्या. सोलोमियाने डोक्यावरचा रुमाल कानांवर ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी स्पासचा, नव्या फळांचा सण होता. देवळाच्या अंगणात टोपल्यांची रांग लागली होती, सफरचंदं, मध, खसखशीची बोंडं. धर्मगुरूंनी पाणी शिंपडलं. मुलांनी तिथेच कराकरा सफरचंदं खायला सुरुवात केली. मारिकाबाईंनीही एक घेतलं आणि दुसरं मोत्रियापुढे धरलं.

“एवढ्यात नको,” मोत्रिया म्हणाली. “आधी लेकीचं. हे लिहून घ्या हवं तर. जिचं मूल गेलंय, ती आई आजच्या दिवसापर्यंत सफरचंदाला तोंड लावत नाही. आज तिकडे वर मुलांना सफरचंदं वाटतात. ज्याच्या आईने आधीच खाल्लं, त्याचा हात रिकामा राहतो.”

“किती वर्षं झाली?”

“एकतीस. उस्तिया माझी तीन वर्षांची होती.”

मारिकाबाईंनी काही लिहिलं नाही. वही मिटून पिशवीत टाकली.

तिघी दफनभूमीकडे चालत निघाल्या. सोलोमिया वाटभर मनात शब्द जुळवत होती. उद्याचा एकच दिवस उरला होता. उद्या घरी, चार भिंतींत सांगण्यापेक्षा इथेच सांगावं. इथे निदान देवाचं नाव तोंडी असतं आणि धरायला मारिकाबाईही आहेत. औषधाची बाटली तिने सकाळीच खिशात टाकली होती.

उस्तियाच्या कबरीवरचं गवत मोत्रियाने हाताने उपटलं. कपाळाला, छातीला बोटं लावून क्रूसाची खूण केली. ओठ हलवत प्रार्थना म्हटली.

“आई,” सोलोमिया म्हणाली. तिने खिशातली बाटली चाचपली. “आई, मला तुम्हाला काही...”

“थांब गं जरा.”

मोत्रियाने टोपलीतून एक लाल सफरचंद काढून कबरीवर ठेवलं. मग आणखी एक काढलं. तेवढंच लाल, थोडं मोठं.

“दोन?” मारिकाबाईंनी हळूच सोलोमियाला विचारलं.

“एक मुलीचं,” सोलोमिया पुटपुटली. “दुसरं देवाचं असेल.”

मोत्रियाने दुसरं सफरचंद रुमालाने पुसलं. पुसतच राहिली. मग गुडघ्यावर हात देऊन ती वाकली आणि शेजारच्या मोकळ्या जमिनीवर ते अलगद टेकवलं.

“हे मार्कियानचं,” ती म्हणाली. “आणि परवा, मंगळवारी, माझ्याकडे बघत बसू नकोस, पोरी. मोकळेपणी रड.”