मागचा वायपर

नट सुटला, पण वायपरची दांडी सुटेना.

तोकुजीने गंज सोडवायचं तेल तिसऱ्यांदा मारलं आणि शेडच्या दाराकडे पाहिलं. दाराला आतून कडी होती. तरी त्याने पुन्हा एकदा पाहिलं. चार वाजता मुलगी येणार होती, आणि चिनात्सु नजरेच्या बाबतीत आईवर गेली होती.

"बाबा, आता लायसन्स परत करून टाका," असं ती वर्षभर फोनवर म्हणत होती. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस आज ना उद्या गाडी ठोकणारच, असं तिचं मत. तोकुजीच्या बायकोने, फुसाएने, दोन वर्षांपूर्वीच लायसन्स परत केलं होतं. पोलिसांनी दिलेलं आभारपत्र बाहेरच्या खोलीत काचेत लावलेलं होतं. त्याच्या शेजारी एक खिळा रिकामा होता. तो चिनात्सुने ठोकला होता.

पण तोकुजीला खरी भीती चिनात्सुची नव्हती. वायपर कशाने वाकला, हेच त्याला आठवत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्याने पाहिलं तेव्हा दांडी पार मुडपलेली होती. वायपर काचेपासून उचलून उभा केलेला असताना गाडी मागे घ्यावी आणि तो भिंतीला टेकावा, तशी. बर्फात उघड्यावर गाडी लावली की गावात सगळेच वायपर उभे करतात, नाहीतर ते काचेला गोठून बसतात. पण तोकुजीची गाडी शेडमध्ये असायची. सात वर्षांत त्याने मागच्या वायपरला हात लावला नव्हता. मग उभा केला कुठे? आणि कधी?

शिवाय महिनाभर सीटवर बसलं की गुडघे स्टिअरिंगला लागत होते. आपण सुजलो की आखडलो, हे त्याला समजत नव्हतं. पंच्याहत्तरीपुढच्यांच्या लायसन्सच्या परीक्षेत सोळा चित्रं लक्षात ठेवावी लागतात. तो रोज सराव करत होता. काल तेरा आठवली होती.

त्याने ड्रायर लावून दांडीचं बूड तापवायला घेतलं.

"अहो!" बाहेरून फुसाएचा आवाज आला. "माझा केस वाळवायचा ड्रायर पाहिलात का?"

"नाही."

"मग आत घूंघूं काय वाजतंय?"

"माशी असेल."

"जानेवारीत?"

तोकुजीने ड्रायर बंद केला. एरवी तिने दार उघडायला लावून माशी दाखवा म्हटलं असतं. आज ती निमूट निघून गेली. बिचारी थकली असेल. दर गुरुवारी बसने गाण्याच्या वर्गाला जायची ती, या वयात. आणि एवढ्या बर्फातून येऊनही तिचे बूट कोरडे असायचे, इतकी ती नीटनेटकी.

त्याने दांडीला ती ओढून काढायचा पुलर अडकवला, मधला स्क्रू हळूहळू आवळला. काच फुटली तर सगळंच संपलं. त्याने श्वास रोखला, आणखी अर्धा फेरा दिला.

कटकन आवाज झाला. दांडी हातात आली. काच शाबूत.

तो हसणार, तेवढ्यात त्याला दांडीच्या सांध्यात अडकलेला धागा दिसला. लोकरीचा. लाल.

आणि नेमका तेव्हाच कोपऱ्यावरच्या खांबावरचा नगरपालिकेचा भोंगा बोलू लागला. "नागरिकांना विनंती. एकट्या राहणाऱ्या एक्याऐंशी वर्षांच्या आजी गुरुवार दुपारपासून बेपत्ता आहेत. अंगात राखाडी कोट, डोक्याला लाल लोकरी टोपी..."

तोकुजी फळीवर बसला.

गुरुवारी दुपारी आपण काय करत होतो? झोपलो होतो. जेवण झालं की कानातलं यंत्र काढून तो कोतात्सूच्या, त्या खालून तापणाऱ्या बुटक्या टेबलाच्या, दुलईत शिरायचा आणि दोन तास ओंडक्यासारखा पडायचा. पण झोपलो होतो, हे आठवतं कुणाला?

त्याने नवी दांडी बसवली. नट घट्ट आवळला.

चार वाजता चिनात्सु आली. तिने गाडीभोवती फेरी मारली. तिला काहीच दिसलं नाही. "अरे वा बाबा, चकाचक ठेवलीय की!" ती म्हणाली.

तोकुजीने तिच्यापुढे मूठ उघडून लाल धागा दाखवला. "माझ्या हातून माणूस मेलंय, चिनात्सु."

"काय बोलताय? कोण?"

"ती लाल टोपीवाली. मला आठवत नाही. काहीच आठवत नाही, पोरी."

चिनात्सु पांढरीफटक पडली आणि फोन शोधू लागली. फुसाएच्या हातातला चहा बशीत सांडला. "थांब गं जरा," ती म्हणाली, "लगेच पोलीस कशाला?"

पहिला आकडा दाबला जातो न जातो तोच भोंगा पुन्हा बोलला. आजी सापडल्या होत्या. सुखरूप, बहिणीच्या घरी. सहकार्याबद्दल आभार.

चिनात्सुने फोन खाली ठेवला.

"अहो, मी काय म्हणते..." फुसाएने सुरुवात केली.

"काही म्हणू नकोस." तोकुजीने खिशातून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. "या खेपेला वाचलो. पुढच्या खेपेला वाचेनच असं नाही."

फुसाएने तोंड मिटलं.

बुधवारी रिकाम्या खिळ्यावर दुसरं आभारपत्र लागलं. गाडी विकायचं बर्फ वितळल्यावर बघू, असं ठरलं. तोवर किल्ली घरातल्या भरवशाच्या माणसाकडे राहावी म्हणून चिनात्सुने ती आईकडे दिली आणि स्वतः आपल्या गावी परतली.

गुरुवारी जेवण झाल्यावर तोकुजी दुलईत शिरला. फुसाए दारात बूट चढवत होती.

"जपून जा. बाहेर भुरभुरतंय."

"बस काय, अगदी दारात येते," ती म्हणाली, आणि तिने लाल लोकरी हातमोजे घातले.

तोकुजीने डोळे मिटले. पण त्या भोंग्यापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, आणि कानातलं यंत्र काढायला तो आज विसरला होता. त्यामुळे त्याला आधी शेडचं दार सरकल्याचं ऐकू आलं, मग गाडी सुरू झाल्याचं, आणि मग नवा वायपर चालतो की नाही हे बघायला कुणीतरी तो काचेवर दोनदा फिरवल्याचं.